आकडा आणि आप्तवाक्य

शब्दाच्या अर्थाचा निर्णय प्रकरणाने होतो हे शिकविताना आपले शास्त्रकार ‘सैंधव आण’ या आज्ञेचे उदाहरण देत आले आहेत. सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडाही. तेव्हा धनी पानावर बसलेला असताना त्याने ही आज्ञा केली तर चाकराने मीठ वाढावे, आणि तो पागोटे बांधून बाहेर निघण्याच्या तयारीत उभा असेल तर घोड्यावर खोगीर चढवावे, एवढे तारतम्य ज्याला नाही त्याला शब्द ऐकू आले तरी वाक्य कळले असे म्हणता येत नाही. भर्तृहरीने वाक्यपदीयात अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गोष्टींची जी गणना केली आहे तीत प्रकरणाबरोबरच देश आणि काल यांनाही स्थान दिले आहे. म्हणजे शब्द कोठे आणि केव्हा उच्चारला गेला, हेही अर्थाचेच घटक होत. ही सारी व्यवस्था ज्या गृहीतावर उभी आहे ते इतके स्वाभाविक होते की ते बोलून दाखविण्याची गरज कोणास भासली नाही. बोलणारा आणि ऐकणारा एकाच ठिकाणी आहेत, आणि पान किंवा घोडा दोघांच्याही दृष्टीसमोर आहे, हे ते गृहीत होय.

मुक्तिनाथाच्या यात्रेस निघालेल्या मराठी कुटुंबाचा मार्ग बहुधा पोखऱ्यावरून जातो, आणि तेथे फेवा तलावाच्या काठी दोन रात्रींपुरती एखाद्या घरातली खोली भाड्याने घेण्याचा व्यवहार हल्ली नाशकात किंवा सांगलीत बसूनच मोबाइलवर उरकला जातो. खोलीच्या छायाचित्राखाली ‘रु. ४,८००’ एवढेच लिहिलेले असते. रुपया भारताचा आहे तसा नेपाळचाही आहे. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांस एकशे साठ नेपाळी रुपये असे या दोहोंचे प्रमाण बांधलेले आहे. तेव्हा तो आकडा नेपाळी असेल तर भाडे आपल्या तीन हजारांचे होते, आणि भारतीय असेल तर नेपाळच्या सात हजार सहाशे ऐंशींचे. प्रत्यक्ष पोखऱ्याच्या बाजारात हा घोळ फारसा होत नाही, कारण भारतीय गिऱ्हाईक समोर आले की भाव ‘आयसी’त सांगितला जात आहे की ‘एनसी’त, म्हणजे भारतीय चलनात की नेपाळी चलनात, हे तेथे दोन अक्षरांत बोलून घेतले जाते. पडद्यावरील आकड्याला असे काही विचारता येत नाही.

रुपयाची ही कथा, तर डॉलरची त्याहून मोठी आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, हाँगकाँग या सर्वांचे डॉलर निरनिराळ्या मोलाचे असून खूण एकच आहे, आणि मेक्सिको, चिली, कोलंबिया येथील पेसोदेखील तीच खूण वापरतात. जपानचा येन आणि चीनचा युआन यांनाही एकच चिन्ह लावले जाते, आणि एका युआनला सुमारे वीस येन पडतात, तेव्हा येथे चूक झाली तर ती विसांच्या पटीने होते. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि आइसलँड या चारही देशांत किमतीपुढे क्रोनची तीच दोन अक्षरे येतात. त्यात जर्मन पद्धतीने एक हजार दोनशे पन्नास ही संख्या १.२५० अशी लिहिली जाते हे ज्याला ठाऊक नाही त्याने सव्वा युरोत बर्लिनची खोली मिळाली म्हणून हर्ष मानला तर त्याला हसण्याचा अधिकार, लाख-कोटींचे स्वल्पविराम जगावेगळ्या ठिकाणी देणाऱ्या आपल्याला तरी फारसा नाही.

हा विषय वर्तमानपत्रांतील प्रवासविषयक सूचनांचा आहे, त्यात तत्त्वचिंतनास वाव कोठला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या दर्शनकारांनी शिंपल्यावर आणि दोरीवर ग्रंथ लिहिले आहेत, आणि अशा क्षुद्र वस्तूंच्या निमित्तानेच त्यांनी ज्ञानाच्या स्वरूपाविषयीचे मोठे वाद केले आहेत. येथे प्रश्न असा आहे: जे वचन अक्षरशः असत्य नाही, पण ज्याच्यामुळे ऐकणाऱ्याच्या ठिकाणी असत्य ज्ञान उत्पन्न होते, आणि होणार हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते, त्या वचनाला सत्य म्हणावे की असत्य?

शिंपल्याचे उदाहरण आधी घेऊ. वाळूत चकाकणारा शिंपला पाहून मनुष्य ‘हे रुपे आहे’ असे समजतो आणि ते उचलण्यास धावतो. नैयायिक म्हणतो, अन्यत्र पाहिलेले रुपे येथे भासले, एका वस्तूचा धर्म दुसरीवर लादला गेला, ही अन्यथाख्याती. अद्वैती म्हणतो, त्या क्षणापुरते एक रुपे तेथे उत्पन्न झाले, जे सत् म्हणता येत नाही आणि असत्‌ही म्हणता येत नाही. प्रभाकर मीमांसकाचे म्हणणे या दोघांहून विलक्षण आहे. त्याच्या मते असत्य ज्ञान म्हणून काही नाहीच. समोरच्या चकाकीचे ज्ञान खरे, पूर्वी पाहिलेल्या रुप्याचे स्मरणही खरे. केवळ या दोन ज्ञानांमधला भेद ध्यानी आला नाही, आणि मनुष्य धावला.

पोखऱ्याच्या खोलीला हे प्रभाकराचे मत जितके चपखल लागते तितके ते मूळच्या शिंपल्यालाही लागत नसेल. पडद्यावर ‘रु.’ ही अक्षरे दिसली, ती खरोखरच तेथे होती. त्यांनी नाशिकच्या गृहस्थाच्या मनात आपल्या खिशातला रुपया जागा केला, आणि तो रुपयाही खराच आहे. कोठेही काही खोटे नाही. फक्त दिसलेला रुपया आणि आठवलेला रुपया यांच्या दरम्यान हिमालयाच्या पायथ्याची सरहद्द आहे, ती लक्षात आली नाही. विशेष असे की, या ठिकाणी तो गृहस्थ भाडे आहे त्याहून महाग समजतो आणि दुसरी खोली पाहू लागतो. नुकसान पोखऱ्याच्या घरमालकाचे होते, आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून हा घोळ म्हणजे केवळ धूर्त विक्रेत्याने भोळ्या गिऱ्हाइकास लुबाडण्याचा प्रकार असे समजून चालत नाही. उलट दिशेने तो होतो तेव्हा मात्र बोभाटा होतो: सिडनीच्या खोलीचे दोनशे चाळीस डॉलर ऑस्ट्रेलियाचे धरून मेलबर्नच्या विद्यार्थ्याने पैसे भरावेत आणि बँकेच्या उताऱ्यात ते अमेरिकेचे निघावेत, म्हणजे सुमारे दीडपट.

प्रभाकराचे समाधान शिंपल्यापुरते ठीक आहे, कारण शिंपला बोलत नाही. वाळूत पडलेल्या त्या जड वस्तूने ‘मी रुपे आहे’ असे कोणास सांगितले नव्हते, तेव्हा भेद न जाणण्याचा सगळा दोष पाहणाऱ्याच्या डोळ्याचा, अंधुक उजेडाचा किंवा लोभाचा. किमतीचा आकडा मात्र कोणीतरी कोणालातरी सांगितलेला असतो. तो प्रत्यक्षाचा विषय नाही, शब्दाचा विषय आहे. शब्द हे प्रमाण केव्हा होते याचे न्यायसूत्रांचे उत्तर थोडक्यात असे की, तो आप्ताचा उपदेश असेल तेव्हा. आणि आप्त कोण, तर ज्याला वस्तू साक्षात् माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशी ती दुसऱ्यास कळावी अशी ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायनाने येथे एक उदार वाक्य जोडले आहे, ज्याचा आशय असा की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू आहे. भाव सांगणारा वाणी, उतारूला खोली दाखविणारा घरमालक, नाणे पारखून देणारा सराफ, हे सर्व आपापल्या विषयापुरते आप्त होऊ शकतात. आप्तत्वाला कुळाची किंवा धर्माची अट नाही, ज्ञानाची आहे आणि सांगण्याच्या इच्छेची आहे.

आपल्या मुलखात हे आप्तत्व सांभाळण्याची एक दीर्घ व्यवहारपरंपरा होती, आणि तिचे कारण असे की एकच एक रुपया येथे फार उशिरा आला. पेशवाईत चांदवडी, अंकुशी, सुरती अशी अनेक टांकसाळींची नाणी एकाच बाजारात फिरत, त्यांच्यात बट्ट्याचा फरक असे, आणि पोतदाराने पारखून घेतल्यावाचून सरकारी भरणा होत नसे. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकसारखा रुपया चालू केला तरी संस्थानांची नाणी पुढे कित्येक वर्षे राहिली. हैदराबाद संस्थानात, म्हणजे आजच्या मराठवाड्यातही, निजामाचा हाली शिक्का चाले आणि इंग्रजी रुपयाला ‘कलदार’ म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार, शेकडा सांगावयाचे तर शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. औरंगाबादेहून मनमाडास येणाऱ्या मनुष्याला गाडीतच आपला रुपया बदलल्याची जाणीव ठेवावी लागे. त्या पिढीच्या तोंडी नुसता ‘रुपया’ हा शब्द म्हणजे अर्धवट वाक्य होते, ‘किती?’ या प्रश्नाला ‘वीस’ हे उत्तर पुरे नव्हते, ‘वीस कलदार’ हे पुरे होते. पोखऱ्याच्या बाजारातले आयसी आणि एनसी हे याच जातीचे शहाणपण आहे, आणि अक्षरशत्रू हमालालाही ते अवगत असते. जे हाली-कलदारांच्या काळात कोणा कारकुनास शिकवावे लागत नव्हते ते आजच्या अतिशय हुशार यंत्रांना अजून पुरते साधलेले नाही, याला प्रगती म्हणावे की आणखी काही, हा निवाडा मी करीत नाही.

यंत्रांना ते न साधण्याचे कारण उघड आहे. हाली आणि कलदार यांच्या बाजारांना देश होता. भर्तृहरीने सांगितलेला तो घटक तेथे स्वतःच बोलत असे, आणि सरहद्दीवर जेथे तो द्व्यर्थी होई तेथे माणसे नाण्याचे नाव घेत. खोली ही वस्तू तर इतर कोणत्याही मालापेक्षा देशाला अधिक बांधलेली. गहू पोखऱ्याहून नाशकात आणता येतो, खोली आणता येत नाही. परंतु तिच्या विक्रीची जी पेठ आहे तिला देशच नाही. ग्राहक एका देशात, खोली दुसऱ्यात, पेठ चालविणाऱ्यांची कचेरी तिसऱ्यात आणि ग्राहकाचे कार्ड ज्या बँकेचे ती कदाचित चौथ्यात. यांपैकी कोणत्या देशाचे चलन दाखवावयाचे हे यंत्र निरनिराळ्या खुणांवरून ताडते: इंटरनेटची जोडणी कोठून आली आहे, खाते उघडताना कोणता देश लिहिला होता, मागील खेपेस याच मोबाइलवर कोणते चलन निवडले होते. दुबईच्या विमानतळावर विमान बदलण्यासाठी थांबलेल्या मनुष्याला त्यामुळे पुण्यातल्या खोलीचे भाडे एकाएकी दिरहमांत दिसू लागते. शिवाय दाखविण्याचे चलन एक, पैसे वळते करण्याचे दुसरे आणि घरमालकाच्या पदरी पडण्याचे तिसरे असू शकते. दाखविलेला रुपयांचा आकडा हा पुष्कळदा अंदाजी रूपांतर असतो, आणि प्रत्यक्ष वजावट परकी चलनात होऊन बँक तिच्यावर आपल्या दिवसाचा दर आणि वर शेकडा दोनपासून साडेतीनपर्यंत आपला बट्टा लावते. मुक्कामाच्या ठिकाणी पैसे देतानाही सुटका नाही, कारण तेथले कार्डाचे यंत्र ‘आपल्या रुपयांत देता की येथल्या चलनात?’ असे अगत्याने विचारते, आणि त्या अगत्याच्या पोटात पुन्हा एक बट्टा असतो, बहुधा बँकेच्या बट्ट्याहून मोठा. जुना सराफ बट्टा घेई तो सांगून घेई.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. योगसूत्रांतील यमांचे विवरण करताना व्यासभाष्याने सत्याची जी चिकित्सा केली आहे ती मला या विषयावरील सर्वांत कठोर आणि सर्वांत उपयुक्त कसोटी वाटते. भाष्यकार सत्याची व्याख्या ‘वस्तूला जुळणारे वचन’ एवढ्यावर संपवीत नाही. वाणी कशासाठी उच्चारली जाते, तर आपल्या ठिकाणचा बोध दुसऱ्याच्या ठिकाणी संक्रांत व्हावा म्हणून; आणि ती वाणी वंचना करणारी, भ्रांतीतून निघालेली किंवा ऐकणाऱ्यास काहीच बोध न करणारी असू नये, आणि भूतमात्रांच्या हिताची असावी, तरच ती सत्य. म्हणजे सत्याचे ठिकाण बोलणाऱ्याच्या ओठांवर नाही, ऐकणाऱ्याच्या बुद्धीत आहे. वचन वस्तूशी जुळते की नाही यापेक्षा ऐकणाऱ्याला झालेले ज्ञान बोलणाऱ्याच्या ज्ञानाशी जुळते की नाही, हे पाहावयाचे.

वाचस्पतिमिश्रांनी येथे वंचनेचे उदाहरण म्हणून अश्वत्थाम्याविषयी द्रोणाचार्यांना धर्मराजाने दिलेले उत्तर घेतले आहे. ते उत्तर हत्तीपुरते खरे होते, परंतु द्रोणांचा प्रश्न पुत्राविषयी होता, आणि धर्मराजाला ते ठाऊक होते. तेव्हा धर्मराजाच्या ठिकाणचा बोध एक आणि द्रोणांच्या ठिकाणी पोहोचलेला दुसरा. उत्तराचा उरलेला भाग हळू आवाजात म्हटला होता, ही सबब महाभारतकारांनीही मानली नाही. रथ जमिनीला टेकला तो टेकलाच. ‘सर्व रकमा अमेरिकी डॉलरांत’ ही ओळ पृष्ठाच्या तळाशी, फिकट रंगात आणि डोळे ताणून वाचावे लागेल अशा अक्षरात घालणाऱ्यांनी हळू आवाजाची तीच युक्ती नव्याने योजली आहे. आणि हे अजाणतेपणी घडले असे म्हणण्याची सोय त्यांना राहिलेली नाही, कारण कोणत्या मांडणीने किती जण बोट दाबतात आणि किती जण परत फिरतात याची मोजदाद या पेठांमध्ये अहोरात्र चालू असते. ऐकणाऱ्याच्या मनात काय उपजते हे धर्मराजाला तर्काने कळले होते; यांना ते हिशेबाने कळते.

येथे एक खरा आक्षेप आहे. आकडा दाखविणारे यंत्र आहे. त्याला न ज्ञान, न इच्छा. मग ते आप्तही नव्हे आणि वंचकही नव्हे, आणि सत्यासत्याची चर्चा त्याच्या ठिकाणी वायफळ आहे. या आक्षेपाचे उत्तर आपल्याकडे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी तयार होते, आणि तेही पोपटाच्या निमित्ताने. वाक्यार्थ कळण्यासाठी वक्त्याचे तात्पर्य कळावे लागते असे मानले की पढविलेल्या पोपटाच्या वाक्याचा अर्थ कसा कळतो ही अडचण उभी राहते, कारण पोपटाला तात्पर्य नाही. सिद्धान्तमुक्तावलीत विश्वनाथ पंचाननांनी यावर असे म्हटले आहे की, पोपटाचे वाक्य खरे ठरते तेथे ईश्वराचे तात्पर्य धरावे. आणि वस्तुस्थितीशी विसंगत ठरते तेथे त्याला पढविणाराचे. या विभागणीत श्रद्धा किती आणि मिस्कीलपणा किती हे सांगणे कठीण आहे, परंतु तिच्यातील न्यायबुद्धी निःसंशय आहे. खरे बोलण्याचे श्रेय पढविणाराने घेऊ नये, खोट्याचा जाब मात्र त्यानेच द्यावा. यंत्राला नियम लिहून देणारे, त्या नियमांना मान्यता देणारे आणि त्यांच्यापासून नफा घेणारे हेच येथे पढविणारे होत. ‘आमच्या प्रणालीने तसे दाखविले’ हे त्यांचे उत्तर म्हणजे ‘पोपट तसे म्हणाला’ असे म्हणण्यासारखे आहे.

त्यांच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे तेही म्हटले पाहिजे. परक्या चलनातला आकडा आपल्या चलनात करून दाखविणे ही मूलतः सेवा आहे, आणि ती नसती तर यात्रेकरूला कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले असते. दोष रूपांतराचा नाही. आकडा उघडा, नाण्याच्या नावावाचून दाखविण्याचा आहे. आणि त्यावरचा उपाय इतका स्वस्त आहे की तो न योजण्यास कोणतेही सद्भावी कारण मला सापडत नाही. प्रत्येक चलनाला तीन अक्षरांचे आंतरराष्ट्रीय नाव १९७८ पासून ठरलेले आहे. आयएनआर म्हटले की भारताचा रुपया, एनपीआर म्हटले की नेपाळचा. ही तीन अक्षरे आकड्याशेजारी, आकड्याच्याच वळणात आणि आकाराने लिहिणे एवढेच काम. आपल्या देशात २०२० च्या ग्राहक-संरक्षणाच्या नियमांनी ऑनलाइन विक्रेत्यास एकूण किंमत एका आकड्यात, तपशिलासह दाखविण्याचे बंधन घातले आणि २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी किमतीचे घटक हप्त्याहप्त्याने उघड करण्याची गणना फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांत केली. चलनाच्या मोघम खुणेला त्या तेरांत स्वतंत्र जागा नाही. मनुस्मृतीचा विक्रयविषयक दंडक मात्र येथे फारच कडक पडतो: भेसळीचा, निकस किंवा वजनात उणा माल तर विकू नयेच, पण दूर असलेला आणि झाकलेलाही विकू नये. हा नियम अक्षरशः अमलात आणला तर पोखऱ्याची खोली नाशकात भाड्याने घेणेच बंद होईल. त्याचा आशय घेतला तर असा निघतो की, जो माल गिऱ्हाइकाच्या दृष्टीसमोर नाही त्याच्या बाबतीत विकणाऱ्याच्या शब्दावर अधिक भार पडतो. प्रत्यक्षाने जे भागले असते ते सर्व शब्दाने भागवावे लागते.

एखादा वेदान्ती या सर्व खटाटोपाकडे सस्मित पाहून म्हणेल की, रुपया आणि डॉलर दोन्ही कल्पितच. कागदाच्या तुकड्याला मोल आहे ते सर्वांनी मानले म्हणून. मग एका कल्पिताच्या जागी दुसरे आले तर बिघडले काय? हा युक्तिवाद दर वेळी सत्य सांगावयाचे टाळणाऱ्याच्या सोयीचा निघतो, म्हणून मला त्याचा संशय येतो. वेदान्ताच्या आचार्यांनीच व्यावहारिक आणि प्रातिभासिक असा भेद केला आहे तो याचसाठी. ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहाराला व्यवहाराच्या जागी पूर्ण प्रामाण्य आहे. बाजारात बसून परमार्थाची सबब सांगता येत नाही. त्यांच्याच परिभाषेत बोलावयाचे तर पडद्यावरचा अंदाजी आकडा प्रातिभासिक आणि बँकेच्या उताऱ्यातला व्यावहारिक, कारण दुसऱ्याने पहिल्याचा बाध होतो. कुमारिल भट्टांनी बौद्धांच्या दोन सत्यांवर जो प्रहार केला तोही येथे आठवतो: जे संवृतीने, म्हणजे लोकव्यवहारापुरते, सत्य म्हणता ते खोटे असेल तर त्याला सत्य का म्हणता, आणि खरे असेल तर त्याला वेगळे नाव कशाला? किमतीच्या दोन सत्यांनाही हाच प्रश्न विचारावा.

ऐकणाऱ्याचे काही कर्तव्य आहे की नाही? आहे, आणि ते आपल्या परंपरेने हलके मानलेले नाही. नाथांच्या चरित्रातील आख्यायिका अशी की, देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी हिशेबाचे काम करीत असता एका पैची रुजवात होईना म्हणून एकनाथ रात्रभर जागले, आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. त्यावर स्वामींनी, एका पैसाठी जे चित्त एवढे एकाग्र होते ते परमेश्वराकडे वळले तर काय होईल, असे त्यांना सुचविले. कीर्तनकार या कथेतून पै तुच्छ असल्याचा बोध काढतात. मला ती तशी वाटत नाही. पैची चूक शोधण्यात आणि ईश्वराचा शोध घेण्यात एकच अवधान आहे, असे स्वामींनी ओळखले. नाथांनी ती पै सोडून दिली असती तर पुढचा उपदेश करण्याचे स्वामींना कारणच उरले नसते. तेव्हा खोली घेणाऱ्याने आकड्यापुढे नाण्याचे नाव शोधावे, ते नसेल तर पैसे भरण्याच्या अखेरच्या पानापर्यंत जाऊन पाहावे आणि घरमालकास एक ओळ लिहून विचारावे, हे योग्यच. परंतु ऐकणाऱ्याचे अवधान वाढले म्हणून बोलणाऱ्याचे ऋण कमी होत नाही. द्रोणांनी पुन्हा विचारावयास हवे होते असे महाभारतात कोणी म्हटलेले नाही.

मात्र या कसोटीला मर्यादा आहे, आणि जी तक्रार तिच्यात बसत नाही ती ओढून बसवू नये. पॅरिसमधील खोली दोनशे युरोंस घेतली, वजावट त्या दिवसाच्या दराने झाली, पुढे प्रवास रहित झाला आणि दोनशेच्या दोनशे युरो परत आले. पण दरम्यान दर उतरला होता आणि बँकेचा बट्टा जाताना व येताना असा दोनदा लागला, त्यामुळे गेले त्याहून कमी रुपये खात्यात जमा झाले. पेठ म्हणते, आम्ही पूर्ण रक्कम परत केली. बँक म्हणते, आम्ही दिवसाचा दर लावला. गृहस्थ म्हणतो, माझे रुपये कमी आले. तिघेही खरे बोलतात, आणि घसरलेल्या दरातून जी तूट आली ती कोणाच्या वाणीतून आलेली नसल्यामुळे तिच्याबद्दल कोणास असत्याचा दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. काळ हा भर्तृहरीच्या यादीतला घटक खरा, पण तो कोणाचा चाकर नाही. बट्ट्याची गोष्ट निराळी. तो आधी सांगितला होता की नाही हे विचारता येते आणि विचारावे. आणि ‘आपली संपूर्ण रक्कम परत करण्यात आली आहे’ असे जे पत्र पेठेकडून येते त्यात ‘युरोंत’ हा शब्द नसेल, तर त्या एका शब्दापुरता पढविणारा पुन्हा जबाबदार आहे.